ॲम्प्लिफायर असो वा नसो, स्पीकर वाजावा

भोर-वेल्हे मार्गावर प्रवासी वाहणाऱ्या एका जीपवाल्या काकांनी परवा विचारले की, लग्नसराईपुरता बसविलेला ॲम्प्लिफायर पावसाळ्यात काढून ठेवला असता दरवाजांतील स्पीकर मुके का होतात, आणि त्यावर कायमची तजवीज कोणती.

कारण उघड आहे: ॲम्प्लिफायर बसविताना स्पीकरच्या तारा स्टिरिओपासून तोडलेल्या असतात. परंतु त्या पुन्हा जोडून दोन्ही यंत्रे एकाच स्पीकरला लावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. एकाचा प्रवाह दुसऱ्यात शिरून दोहोंपैकी एक निकामी होण्याची जोखीम त्यात असते.

आजच्या बहुतेक स्टिरिओंत धन आणि ऋण या दोन्ही तारांवर संकेत वाहत असतो. सबब ऋण तार गाडीच्या सांगाड्याला टेकविणे सर्वथा वर्ज्य, आणि पालट करावयाचा तर दोन्ही तारांचा एकदम करावा.

त्यासाठी प्रत्येक स्पीकरला १२ व्होल्टची, दोन्ही तारा पालटणारी रिले द्यावी. मधला संपर्क स्पीकरला, विश्रांतीचा स्टिरिओला, तिसरा, काढता येणाऱ्या प्लगमार्फत, ॲम्प्लिफायरला. स्टिरिओतून येणारी, रिलेला चालना देणारी रिमोट तार मात्र ॲम्प्लिफायरच्या या प्लगमधूनच फिरवून आणावी, म्हणजे तो प्लग काढताच स्पीकर आपोआप स्टिरिओकडे परततात. ही तार नाजूक असते. चार रिलेंचा भार तिला पेलेल की नाही, हे आधी तपासावे.

वर्षातून एकदोनदाच ॲम्प्लिफायर काढणाऱ्याने हा खटाटोप करूच नये; स्टिरिओच्या तारा थेट स्पीकरला जोडणारा बायपास प्लग त्याच जागी खोचावा, माझे मत त्यालाच. उपाय कोणताही असो, ॲम्प्लिफायरच्या मुख्य तारेला बॅटरीजवळच फ्यूज हवाच.

आपल्या स्टिरिओचे मॉडेल कळवा. शंकांचे निरसन यथाशक्ती करीन.