शंभर दाण्यांची परीक्षा

मृगाचा पाऊस तोंडावर आला की मिरज तालुक्यात, जिथे एक-दीड एकराच्या तुकड्यावर अख्खा प्रपंच चालवणारी घरे थोडी नाहीत, तिथे एखाद्या ओसरीवर ओल्या गोणपाटाची गुंडाळी ठेवलेली दिसते आणि तिच्यात सोयाबीनचे मोजून १०० दाणे ओळीने मांडलेले असतात. आठवडाभराने गुंडाळी उलगडून कोंब मोजायचे. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर एकरी ३० किलोचा नेहमीचा पेरा ठेवायचा, थोडे कमी उगवले तर त्या मानाने बियाणे वाढवायचे, आणि फारच कमी उगवले तर ते बियाणे रानात न्यायचेच नाही. दुबार पेरणीचे संकट टाळणारी ही बिनखर्ची परीक्षा ज्या मार्गांनी गावोगाव पोहोचली, त्यांत कृषी खात्याची 'शेतीशाळा' महत्त्वाची आहे.

या शाळेचा उगम मात्र दूर, जावा बेटावर. १९८६ च्या सुमारास तेथील भातशेतीवर तपकिरी तुडतुड्यांनी धाड घातली. औषधे फवारावीत तसे तुडतुडे वाढतच गेले, कारण त्यांना खाणारे कोळी व मित्रकीटक फवाऱ्याने आधी मरत. तेव्हा इंडोनेशियाच्या सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांना मनाई केली, आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या लहान तुकड्या करून त्यांना हंगामभर शेतातच शिकवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे २००८ च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भातील सोयाबीन फस्त केल्यावर किडींच्या सर्वेक्षणाचा व सल्ल्याचा प्रकल्प उभा राहिला. शेतीशाळा पुढे त्याचेच अंग झाली.

या शाळेत फळा नसतो. पंचवीस-तीस शेतकरी ठरल्या दिवशी एकाच्या शेतात जमतात, जिथे एका भागात नेहमीच्या पद्धतीने आणि दुसऱ्या भागात सुधारित पद्धतीने पीक घेतलेले असते. मग गटागटाने झाडे तपासून, शत्रूकीटक किती व मित्रकीटक किती हे मोजून, त्याचे चित्र कागदावर काढून, फवारणी करावी की थांबावे याचा निर्णय त्यांनीच करायचा असतो. सोयाबीनच्या देठावर दोन समांतर खापा दिसल्या तर चक्रीभुंग्याच्या मादीने त्यांच्यामध्ये अंडे घातले आहे आणि वरचा भाग लवकरच सुकणार आहे, ही खूण एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य दुकानदाराने दिलेली बाटली निमूटपणे घेऊन घरी येत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील कारागिराने भोपळ्याची पारख जशी हाताळून हाताळून कमावली, तशीच ही विद्या हातांतूनच यावी लागते.

अशा विद्येला आधार देणारे शास्त्र याच तालुक्यात, कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात आहे. 'फुले संगम' व 'फुले किमया' हे सोयाबीनचे वाण तिथलेच. हळदीवरील संशोधनही तिथे चालते. पण मला अधिक मोलाचे वाटते ते कृष्णाकाठच्या बिघडलेल्या जमिनींविषयीचे ज्ञान. बेसुमार पाण्याने आणि निचऱ्याच्या अभावाने जमीन क्षारपड होते किंवा चोपण होते. दोन्ही नापीकच दिसतात, पण उपाय निराळे. क्षारपड जमिनीला चर किंवा भूमिगत नळ्या घालून क्षार धुऊन काढावे लागतात, तर चोपण जमिनीला निचऱ्याबरोबर जिप्समही द्यावे लागते. मातीपरीक्षण न करता केवळ क्षारपड असलेल्या रानात जिप्समच्या गोण्या ओतणाऱ्या अल्पभूधारकाचा पैसा अक्षरशः मातीत जातो. शिवाय चराचे पाणी शेजाऱ्याच्या बांधातूनच पुढे जायचे असल्याने हा उपाय एकट्याच्या आवाक्यातला नाही. शिवारातील साऱ्यांनी एकत्र बसून मसलत करावी लागते, आणि तशी बैठक शेतीशाळेइतकी सहज दुसरीकडे जमत नाही.

महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरांवर आली. एवढ्याशा जमिनीत एका हंगामाची चूक वर्षभर भोवते.

एक उणीव मात्र मला सतत खुपते. बियाणे निवडणारी, भांगलण करणारी, पानामागची अळी सर्वांत आधी पाहणारी बहुधा घरातील स्त्री असते. पण सातबाऱ्यावर तिचे नाव नसले की खातेदारांच्या यादीवरून केलेले बोलावणे तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून वाचकहो, येत्या खरिपात आपल्या गावी शेतीशाळा भरेल तेव्हा तिला बरोबर न्या, आणि शाळेची वेळ तिच्या सवडीची ठेवा, असे सहायक कृषी अधिकाऱ्याला आवर्जून सांगा.