विश्लेषण : सगळाच ‘वात’ सारखा नसतो! संधिवाताचा प्रकार ओळखणे का महत्त्वाचे?

गुडघा दुखला की ‘वय झाले’ आणि बोटे आखडली की ‘वात धरला’. मग तेल चोळायचे, शेक द्यायचा आणि दुखणे वाढले की मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणायची. अनेक घरांत महिनेच्या महिने असेच जातात. मात्र संधिवाताचे १०० हून अधिक प्रकार आहेत. त्यातील काहींमध्ये याच महिन्यांत सांध्यांचे कायमचे नुकसान होते. मग आपले दुखणे नेमके कोणते, हे कसे ओळखायचे?

किती जणांना त्रास?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख जणांना सांध्यांच्या झिजेचा, तर सुमारे १ कोटी ८० लाख जणांना आमवाताचा त्रास होता. आमवाताच्या रुग्णांपैकी जवळपास ७० टक्के महिला होत्या. महाराष्ट्रातील चित्रही यापेक्षा फार वेगळे नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये घरोघरी जाऊन पाहणी सुरू झाली. तेथे सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे, स्नायू किंवा पाठीचे दुखणे असल्याचे आढळले.

झीज की आमवात?

ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांची झीज. हा सर्वाधिक आढळणारा प्रकार. हाडांच्या टोकांवर कुर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजते आणि सांधा दुखू लागतो. गुडघा, खुबा, अंगठ्याचे मूळ आणि बोटांच्या टोकाकडील सांध्यांत हा त्रास अधिक दिसतो. वय, वाढलेले वजन आणि जुनी दुखापत ही त्याची मुख्य कारणे. जिने चढल्यावर, खूप चालल्यावर दुखणे वाढते आणि विश्रांती घेतली की कमी होते.

आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. तो केवळ उतारवयातला आजार नाही, तिशी-चाळिशीतही होतो. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांची मनगटे आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे एकाच वेळी सुजतात. थकवा येतो, कधी बारीक तापही येतो. उपचार लांबले तर बोटे वाकडी होतात. फुप्फुसे, डोळे आणि हृदयावरही परिणाम होऊ शकतो.

घरच्या घरी अंदाज कसा बांधायचा?

सकाळी उठल्यावर घड्याळ पाहा. झिजेमध्ये सांध्यांचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत जातो. आमवातात तो बऱ्याचदा तासभर किंवा त्याहून अधिक टिकतो. चहाचा कप धरता येत नाही, वेणी घालता येत नाही, अशा तक्रारी रुग्ण करतात. हा केवळ अंदाज आहे, निदान नव्हे. मात्र सांध्यांना सूज असेल आणि आखडलेपणा काही आठवडे टिकला, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नये.

अंगठा एका रात्रीत का सुजतो?

रात्री ठणठणीत झोपलेल्या माणसाला पहाटे पायाच्या अंगठ्याला चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, हे गाऊटचे नेहमीचे लक्षण. रक्तातील युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात साचल्याने हा झटका येतो. ऐन झटक्यात युरिक अॅसिडचा रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो. उलट, केवळ युरिक अॅसिड वाढले म्हणून गाऊट झाला असेही नसते. मद्य, विशेषतः बिअर, तसेच कलेजी, लाल मांस आणि साखरयुक्त शीतपेये टाळणे हिताचे. डाळी, पालक किंवा टोमॅटो सरसकट बंद करण्याची मात्र गरज नसते. वारंवार झटके येत असतील तर युरिक अॅसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्यासाठी नियमित औषध दिले जाते.

तरुणांची पाठदुखी वेगळी का?

तरुण वयात सुरू झालेली, तीन महिन्यांहून अधिक टिकलेली, पहाटे झोपमोड करणारी आणि हालचाल केल्यावर कमी होणारी कंबरदुखी ‘अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस’ची असू शकते. ती ‘बसून काम केल्याने होते’ म्हणून सोडून देऊ नये.

उपचार कोणते?

झिजेवर सर्वात महत्त्वाचे उपचार म्हणजे व्यायाम आणि वजन नियंत्रण. १ किलो वजन कमी झाले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी घटतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. त्यामुळे ‘गुडघा दुखतो म्हणून चालणे बंद’ हा उपाय उलटा पडतो. झीज फारच वाढली तर सांधेबदल शस्त्रक्रियेचा विचार होतो.

आमवातात केवळ वेदनाशामक घेतल्याने दुखणे दबते, सांध्याचे नुकसान मात्र सुरूच राहते. ते रोखण्यासाठी मेथोट्रेक्सेटसारखी औषधे दिली जातात. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकते. घरातील ज्येष्ठांना हे औषध सुरू असेल तर ठरलेला वार पाकिटावर ठळक लिहून ठेवावा. गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

‘वाताच्या पुड्यां’त काय असते?

एक-दोन दिवसांत आराम देणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांपासून सावध राहायला हवे. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्यामुळे मधुमेह, रक्तदाब आणि हाडांचा ठिसूळपणा वाढतो. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर अचानक बंद करणेही धोक्याचे असते. डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी.

तातडीने कधी जावे?

एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि सोबत ताप, थंडी असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

एरवी तपासणीला जाताना कोणते सांधे, कधीपासून दुखतात आणि सकाळी किती वेळ आखडतात, याची नोंद सोबत न्यावी. सूज येते-जाते. त्यामुळे ती दिसेल तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. रक्ताच्या रिपोर्टइतकीच ही माहितीही निदानासाठी उपयोगी पडते. ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह असूनही आमवात असू शकतो आणि पॉझिटिव्ह असूनही नसू शकतो.