घरच्या घरी उड्डाण : कोणता सिम्युलेटर घ्याल?

जालना (प्रतिनिधी) : चिकलठाणा विमानतळ जालन्याहून तासाभराच्या अंतरावर असला, तरी वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी बारामती, धुळे किंवा गोंदियाच गाठावे लागते आणि खर्च लाखोंच्या घरात जातो. त्यामुळे बारावीतील मुलाने वा मुलीने वैमानिक होण्याची इच्छा व्यक्त केली, की आधी घरी फ्लाइट सिम्युलेटर आणावा, असा विचार पुढे येतो. तो चुकीचा नाही. मात्र अपेक्षा माफक असाव्यात.

घरच्या संगणकावरील एकही तास लॉगबुकात धरला जात नाही. व्यावसायिक परवान्यासाठी 'डीजीसीए', अर्थात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, किमान २०० तासांचे उड्डाण मागते. त्यातील उपकरणांच्या आधारे करावयाच्या १० तासांपैकी फार तर ५ तास सिम्युलेटरवर चालतात, तेही मान्यताप्राप्त यंत्रावरच.

ज्याला केवळ हौस भागवायची आहे, त्याने 'फ्लाइटगिअर'पासून सुरुवात करावी. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, साध्या संगणकावर चालते आणि त्यात 'सेसना १७२' हे प्रशिक्षणासाठी जगभर वापरले जाणारे विमान मिळते. २०२४ मध्ये आलेला 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' दिसायला देखणा असला, तरी त्यातील भूदृश्ये इंटरनेटवरून येत राहतात. कंपनीची शिफारस ३२ जीबी रॅम आणि ५० एमबीपीएस वेगाची आहे. जेथे वीज आणि नेट दोन्ही लहरी, तेथे हा खर्च डोळसपणे करावा. विमानाचे वर्तन अभ्यासायचे असेल, तर 'एक्स-प्लेन १२' अधिक उपयुक्त. भूदृश्ये संगणकात साठवून ते नेटशिवायही उडवता येते.

उपकरणे निवडताना पुढचे प्रशिक्षण कोणत्या विमानावर होणार, हे पाहावे. सेसनाला मोटारीच्या चाकासारखे 'योक' असते. गोंदियाच्या संस्थेत वापरल्या जाणाऱ्या 'डायमंड डीए-४०'ला मात्र दांडा असतो. तेथे साधी जॉयस्टिकच अधिक जवळची. पैसे उरल्यास दुसऱ्या पडद्याऐवजी पायांखालचे रडर पेडल घ्यावेत. घरी शिकलेल्यांचे पाय सुस्त राहतात, हा दोष पुढे महागात पडतो.

१९२९ मध्ये अमेरिकेतील एडविन लिंक यांनी ऑर्गनचे भाते लावून बनवलेला सिम्युलेटर निदान डुलत तरी असे; घरातील खुर्ची हलत नाही. त्यामुळे नजर उपकरणांवर खिळते आणि बाहेर पाहण्याची सवय मोडते. तपासणी-यादी, उपकरणांचे वाचन, धावपट्टीची दिशा ओळखणे या गोष्टी मात्र उत्तम पक्क्या होतात. चिकलठाण्याची पूर्व-पश्चिम धावपट्टी सरावाला सोयीची आहे. 'व्हॅटसिम' या मोफत जाळ्यावर हौशी नियंत्रकांशी इंग्रजीतून बोलण्याचा सरावही होतो. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना याचा सर्वाधिक लाभ व्हावा.

महागडा संच मागविण्यापूर्वी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून 'क्लास-२' वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. त्यात अडचण निघाली, तर जॉयस्टिक आणि मोफत सॉफ्टवेअर हौसेपुरते पुरेसे आहे.