तरुण आमदार हवा, पण हातात विधेयक घेऊन

विरोधी पक्षाने तरुण चेहरे पुढे आणले की वर्तमानपत्रे त्यांचे फोटो छापतात. वय सांगतात, शिक्षण सांगतात, आजोबा कोण होते तेही सांगतात. या तरुणाने कोणत्या कायद्याचा मसुदा तयार केला, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्ही ते विचारणार. कारण विरोधी बाकावरच्या माणसाने काय करावे, हे मुंबई विधानसभेत १९३७ साली करून दाखविलेले आहे.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्याच वर्षी १७५ जागांच्या मुंबई विधानसभेत पक्षाची जेमतेम चौदा-पंधरा माणसे पोहोचली. बाबासाहेब स्वतः पंचेचाळिशीचे. दादासाहेब गायकवाड ३४ वर्षांचे. पुढे कम्युनिस्ट झालेले श्यामराव परुळेकरही पस्तिशीच्या आसपासचे. समोर बाळासाहेब खेरांचे काँग्रेस सरकार, बहुमताच्या गुर्मीत. मतदानाला टाकले की हरणार हे ठरलेलेच होते. तरीही १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक सभागृहात मांडले.

वकील बांधवांनी हे विधेयक एकदा मुळातून वाचावे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी खंडांच्या दुसऱ्या भागात ते आहे. ‘खोत मुर्दाबाद’ एवढे म्हणून ते थांबत नाही. खोताचा हक्क जाणार, त्याबद्दल त्याला वाजवी भरपाई मिळणार आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्या कुळाला १८७९ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे कब्जेदाराचा दर्जा मिळणार, अशी त्याची रचना. सरकारचा महसूल कोणाकडून यायचा, याचेही उत्तर त्यातच आले. पर्याय म्हणतात तो याला! आणि ही कुळे कोण होती? कुणबी, आगरी, महार. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून चालूच होता. बाबासाहेबांना केवळ एका जातीचे पुढारी ठरविणाऱ्यांनी हे विधेयक बहुधा उघडूनही पाहिलेले नसते.

विधेयक सभागृहात आणि माणसे रस्त्यावर, दोन्ही एकाच वेळी. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून आले. त्याच वर्षी सरकारने संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा सभागृहात कलमागून कलम तपासून विरोध झाला आणि ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला. विधेयक मंजूर झालेच. पण कामगाराचे म्हणणे सभागृहाच्या दप्तरात गेले, ते आजही वाचता येते.

आता २०२० आठवा. सप्टेंबरात औद्योगिक संबंध संहिता संसदेत आली. सर्वच औद्योगिक आस्थापनांत संपापूर्वी नोटीस देण्याची सक्ती तिच्यात आहे. २३ सप्टेंबरला राज्यसभेत ती मंजूर झाली तेव्हा विरोधकांची बाके रिकामी होती. खासदारांच्या निलंबनाचा निषेध म्हणून बहिष्कार होता, हे खरे. निलंबन अन्यायाचे होते, हेही आम्ही मान्य करतो. पण कामगाराच्या बाजूने एकेका कलमावर दुरुस्ती सुचवायला त्या दिवशी कोण होते? नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता लागूही झाली.

खासगी विधेयके मंजूर होतात कुठे, असे आमचे तरुण मित्र विचारतात. बरोबर आहे. स्वातंत्र्यानंतर संसदेत अशी अवघी १४ मंजूर झाली, शेवटचे १९७० साली. बाबासाहेबांचे खोतीचे विधेयकही मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. तो काँग्रेस सरकारलाच करावा लागला. गावकामगारांच्या कनिष्ठ वतनांचा, म्हणजे महार वतनाचाही, कायदा १९५८ साली झाला. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी पहिले विधेयक मांडले होते १९२८ साली, मुंबई कायदे कौन्सिलात, वयाच्या ३७ व्या वर्षी.