इंजिनाचे काम झाले, गाडी स्टार्ट होईना

इंजिन खोलून पुन्हा बांधलेली जुनी मोटारसायकल स्टार्ट होत नाही, तेव्हा दोष बहुधा तिच्या वयात नसतो. कामाच्या वेळी ज्या भागाला हात लागला, त्याच भागात तो असतो. आधी ती धूर काढत होती, ऑइल खात होती, चढावर दमत होती, पण चालत होती. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा, की काय काय खोलले आणि काय बदलले? फक्त हेड उतरवले असेल तर गिअरबॉक्सकडे बघण्यात वेळ घालवू नये. मॅग्नेट काढले असेल तर कार्बोरेटर साफ करत बसण्याआधी मॅग्नेट पाहावे.

दापोडीसारख्या वस्तीत हा प्रश्न नेहमीचा आहे. हॅरिस पुलापासून फुगेवाडीपर्यंतच्या या पट्ट्यात एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, शेजारी लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि पुढे पिंपरी, भोसरी, चाकणपर्यंत कारखाने. पाळीला जाणाऱ्याची मोटारसायकल सहजासहजी मोडीत निघत नाही. आकुर्डीच्या बजाज कारखान्याच्या काळातली, १९८६ ची कावासाकी बजाज केबी १०० असो, हिरो होंडाची सीडी १०० असो, यामाहाची आरएक्स १०० असो, बुलेट असो की २००१ साली आलेली पल्सर, या सगळ्या गाड्या बोअर करून, रिंगा बदलून पुन्हा रस्त्यावर येतात. आकुर्डीतले वाहन-उत्पादन २००७ साली थांबले. जुन्या मॉडेलांचे सुटे भाग मग पुण्याच्या नाना पेठेत शोधावे लागतात आणि तिथे अस्सल मालाच्या बरोबरीने नकलीही मिळतो. कामानंतरच्या बिघाडात या मालाचाही वाटा असतो.

पेट्रोलच्या इंजिनाला चार गोष्टी लागतात. हवा-पेट्रोलचे नेमके मिश्रण, ते दाबायला पुरेसे कॉम्प्रेशन, पेटवायला जोरदार ठिणगी आणि या तिन्हींचा वेळेवर मेळ. चारांपैकी एक चुकली तरी किक वाया जाते.

शोधाची सुरुवात पाना हातात न घेता करावी. पेट्रोल कॉक चालू आहे का, किल स्विच बंद राहिला आहे का, फ्यूज शाबूत आहे का, प्लगची टोपी घट्ट बसली आहे का, एवढे आधी पाहावे. इंजिन उतरवून चढवलेल्या गाडीत अर्थची वायर विसरणे फार सोपे असते. शिवाय फ्रेमला नवा रंग मारला असेल तर वायरच्या टोकाखाली रंगाचा थर राहतो आणि वायर जोडलेली दिसूनही अर्थ मिळत नाही. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून उघडा धातू दिसू द्यावा.

यानंतर करंट. प्लग काढून टोपीत घालावा, त्याचे धातूचे अंग हेडला टेकवावे आणि किक मारावी. प्लगच्या भोकापाशी पेट्रोलची वाफ असते, म्हणून प्लग भोकापासून दूर धरावा आणि भोकात फडके कोंबावे. निळसर, टक्क आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक ठिणगी कॉम्प्रेशनखाली विझते. सीडीआयच्या गाडीत टोपी मोकळी लोंबकळत ठेवून किक मारू नये, त्याने कॉइल किंवा सीडीआय निकामी होऊ शकते. ठिणगीच नसेल तर मॅग्नेटच्या झाकणातून येणारे कनेक्टर तपासावेत. झाकण बसवताना वायर चेपली जाणे किंवा पिकअप कॉइलचे टोक सुटे राहणे, हे कामातले नेहमीचे दोष आहेत. काही गाड्यांत करंट थेट मॅग्नेटवरून येतो, काहींत बॅटरीवरून. दुसऱ्या प्रकारात महिनाभर गॅरेजमध्ये पडून उतरलेली बॅटरी एवढेच कारण पुरते. जुन्या पॉइंटवाल्या बुलेटचे इग्निशन बॅटरीवरच चालते. तिच्या पॉइंटमधले अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते आणि पॉइंटवर ऑइलचा पुसट थर असला तरी ठिणगी मरते.

काढलेला प्लग आणखीही सांगतो. बऱ्याच किका मारूनही तो कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतच नाही. पेट्रोलने भिजला असेल तर पेट्रोल येते आहे, पण पेटत नाही किंवा जास्त होते आहे. ऑइलने माखला असेल तर बहुधा पिस्टन बसवताना सढळ हाताने लावलेले ऑइल वर आले आहे; अशा वेळी प्लग पुसून किंवा नवा घालून बघितले की काम होते.

कार्बोरेटरमध्ये सगळ्यात आधी अडकतो तो स्लो जेट. त्याचे भोक इतके बारीक असते, की महिनाभर सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा त्याला पुरतो. हवेच्या दाबाने तो साफ करावा. तार घातली तर भोक मोठे होते. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या मॅनिफोल्डची ओ-रिंग तुटली किंवा बसलीच नाही, तर इंजिन तिथून फुकटची हवा ओढते आणि मिश्रण पातळ होते. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते ओलावा शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे जुन्या गाडीची पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची रबरे इंजिनाच्या कामातच बदलून घेणे शहाणपणाचे.

कॉम्प्रेशनचा अंदाज किकच देते. किक मोकळी खाली जात असेल तर दाब कुठूनतरी निसटतो आहे. थ्रॉटल पूर्ण उघडून गेजने मोजले, तर शंभर-दीडशे सीसीच्या चांगल्या फोरस्ट्रोक इंजिनात साधारण ९ ते १२ किलो दाब दिसतो. जुन्या बुलेटचे कॉम्प्रेशन मुळातच कमी असते आणि नव्या रिंगा जमेपर्यंत आकडा थोडा खाली राहतो. आकडा फारच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये आहे, न चढला तर व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये. बोअर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने वाढवताना पिस्टन त्याच मापाचा आला का, हे डबीवरचा आकडा वाचूनच ठरवावे.

व्हॉल्व्हचे काम झाले असेल तर टॅपेटवर संशय घ्यावा. लहान फोरस्ट्रोक इंजिनात टॅपेटची फट साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते, कंपनीच्या मापाप्रमाणे आणि इंजिन गार असताना. व्हॉल्व्ह घासल्यावर तो हेडमध्ये थोडा खोल बसतो आणि फट आपोआप कमी होते. ती उरलीच नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जाते, आणि बोअर-पिस्टन नवे असूनही गाडी मेल्यासारखी वागते. हेड पुन्हा उतरवायचा खर्च करण्याआधी फिलर गेज घालून दहा मिनिटांत हे पाहता येते. टूस्ट्रोकला व्हॉल्व्हचे हे प्रकरण नसते, पण तिथे क्रँककेसही हवाबंद लागते. क्रँकचे ऑइल सील चुकीचे बसले किंवा आरएक्स १०० मधला रीड व्हॉल्व्ह नीट मिटला नाही, तर मिश्रण वर चढतच नाही.

सर्वात जास्त लोक चकतात ते टायमिंगमध्ये. फोरस्ट्रोकमध्ये क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. कॅमच्या चक्राला ३० दाते धरले तर एक दात चुकला म्हणजे कॅमवर १२ आणि क्रँकच्या मापात २४ अंशांची चूक. तेवढ्यावर गाडी स्टार्टच होत नाही किंवा झाली तरी दम घेत नाही. मॅग्नेटवरची ‘टी’ची खूण झाकणाच्या खुणेसमोर आणायची, त्याच वेळी कॅमच्या चक्रावरच्या खुणा हेडशी जुळवायच्या आणि चेनचा टेन्शनर सोडल्यावर पुन्हा पाहायचे, कारण चेन ताणली की खूण सरकते. किक मारण्याआधी प्लग काढून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे. कुठे अडले तर जोर लावू नये. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असण्याची शक्यता असते.

आणखी एक बारकावा आहे. सीडी १०० सारख्या इंजिनात ठिणगी क्रँकवरून ठरते आणि प्रत्येक फेऱ्याला पडते, त्यामुळे कॅम बसवताना पिस्टन कोणत्या स्ट्रोकला वर होता याने फरक पडत नाही. पॉइंटवाल्या बुलेटमध्ये मात्र डिस्ट्रिब्यूटर कॅमच्या वेगाने फिरतो. तो पिस्टन एक्झॉस्ट स्ट्रोकला वर असताना जोडला गेला तर सगळ्या खुणा जुळूनही ठिणगी नको त्या वेळी पडते आणि कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून भडका उडतो. जुन्या ३५० बुलेटचे टायमिंग पिस्टन टोकाला पोहोचण्याच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडतील असे लावतात, आणि पॉइंट उघडल्याची खूण अ‍ॅमीटरची सुई देते.

किक उलटी मारत असेल तर ठिणगी फार लवकर पडते आहे, आणि त्याने घोटाही दुखावू शकतो. मॅग्नेट बसवताना क्रँकवरची छोटी लोखंडी की तुटली किंवा निसटली की असेच होते, कारण मॅग्नेट शाफ्टवर फिरून बसते आणि वरवर पाहता सारे ठीक दिसते.

या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, जेट आणि कॉइल एकदम बदलले तर गाडी स्टार्ट झाली तरी मूळ दोष कळत नाही आणि काही दिवसांनी तोच त्रास परत येतो. ‘थोडा धक्का मारा, होईल’ हा सल्ला नव्याने बांधलेल्या इंजिनासाठी घातक आहे. टायमिंग चुकलेले इंजिन धक्क्याने फिरवले तर व्हॉल्व्ह वाकतो, आणि शंभर रुपयांच्या गॅस्केटचे काम हजारोंवर जाते.

गॅरेजमधून गाडी घेताना काढलेले जुने भाग आणि नव्या भागांच्या डब्या मागून घ्याव्यात. गाडी अडलीच तर पुढच्या मेकॅनिकला त्यांवरूनच दिशा मिळते. स्टार्ट झाल्यावर पहिले काही दिवस इंजिन ओढू नये, आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदलून, इंजिन गार असताना टॅपेट पुन्हा तपासून घ्यावेत.