कोरोना विषाणू : घातक कोण, धोकादायक कोण?

सर्दी-पडसे आपण फारसे मनावर घेत नाही. मात्र, ही सर्दी देणारे काही विषाणू ज्या कुळातले आहेत, त्याच कुळाने एकविसाव्या शतकात तीनदा जगाला धडकी भरवली. हे कूळ म्हणजे कोरोना विषाणू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पृष्ठभागावरील काटे सूर्याभोवतीच्या प्रभामंडलासारखे दिसतात. त्यावरून १९६८मध्ये त्यांना हे नाव मिळाले.

माणसांत प्रामुख्याने सात कोरोना विषाणू आढळले आहेत. २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१ हे चार जगभर कायम वावरतात व बहुधा साधी सर्दीच देतात. उरलेले तीन म्हणजे सार्स (२००२), मर्स (२०१२) आणि कोविड-१९चा विषाणू (२०१९).

नवे विषाणू प्राण्यांकडून येतात. या विषाणूंची जनुकीय संहिता सुमारे ३० हजार अक्षरांची असते. तिच्या प्रती निघताना चुका होतात; शिवाय एकाच पेशीत दोन कोरोना विषाणू शिरले, तर त्यांच्या संहितेतील तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. त्यातून एखाद्याचे काटे मानवी पेशीला चिकटण्याजोगे बनतात. सार्सचे मूळ वटवाघळांत होते आणि तो उदमांजरांमार्फत माणसापर्यंत पोहोचला, असे मानले जाते. मर्स उंटांकडून आला.

सार्सच्या ८०९६ रुग्णांपैकी ७७४ जण दगावले. मर्सच्या नोंद झालेल्या रुग्णांत तर सुमारे एकतृतीयांश मृत्यू झाले. त्या मानाने कोविडमध्ये मृत्यूचे प्रमाण खूपच कमी होते. तरीही त्याच्या नोंद झालेल्या बळींची संख्या ७० लाखांवर गेली. असे का झाले? सार्सचा रुग्ण दुसऱ्याला संसर्ग देई तो प्रामुख्याने आजार बळावल्यावर. त्यामुळे रुग्ण हुडकून त्यांना वेगळे ठेवताच जुलै २००३पर्यंत साखळी तुटली. कोविडचा विषाणू मात्र लक्षणे दिसण्यापूर्वीच पसरत होता. ताप तपासून त्याला अडविणे शक्य नव्हते.

म्हणूनच नव्या विषाणूबाबत 'तो किती मारक?' याइतकाच 'तो केव्हा पसरतो?' हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर पहिल्या काही रुग्णांच्या प्रामाणिक नोंदींतूनच मिळते. चीनमधील ग्वांगडाँग प्रांतात सार्स नोव्हेंबर २००२मध्येच उद्भवला होता. पण जागतिक आरोग्य संघटनेला अधिकृत माहिती मिळाली ती फेब्रुवारी २००३मध्ये. सार्सने हा विलंब खपवून घेतला. लक्षणांविना पसरणारा विषाणू तेवढी सवलत देत नाही.