विलायतेतले आमचे नर्स चाचा

कोकणातल्या मुस्लिम घरांतून परदेशी गेलेल्यांची मोजदाद करायला बसले, तर जहाजावरचे खलाशी, आफ्रिकेतले दुकानदार आणि आखातात गेलेले कारागीर यांनीच वही भरून जाईल. आमच्या चाचांचे नाव त्या वहीत जरा बाजूला लिहावे लागेल. ते 1967 साली इंग्लंडला गेले आणि नर्स झाले.

तिथली सरकारी आरोग्यसेवा 1948 साली सुरू झाली, तेव्हापासूनच तिला माणसे कमी पडत होती. आयर्लंड, कॅरिबियन बेटे, मॉरिशस, मलेशिया, कुठून कुठून मुलेमुली नर्सिंग शिकायला तिथे जात. पुरुष नर्स मात्र तिथेही थोडेच. नर्सेसच्या रॉयल कॉलेजने पुरुषांना सभासद करून घेतले तेच 1960 साली! मग आमच्या गावाचे काय सांगावे? कोणी विचारले की अब्बा म्हणायचे, "इस्पितळात आहे." ऐकणारा आपणहून डॉक्टर समजायचा. चाचांना हे कळले तेव्हा त्यांनी पत्रात लिहिले, "मी डॉक्टर नाही. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालतो, भरवतो, पट्ट्या बदलतो. तसेच सांगत जा." त्या खरेपणापायी लग्नाची दोन स्थळे हातची गेली.

खरे तर मुसलमानांना याचे नवल वाटायला नको. कैरोत सुलतान कलावून यांनी 1284 साली बांधलेल्या शिफाखान्यात पुरुष रुग्णांच्या सेवेला पुरुष आणि स्त्रियांच्या सेवेला स्त्रिया नेमलेल्या असत. पण लग्न जमवताना इतिहास कोण वाचतो?

चाचांचे खरे दुःख वेगळेच होते. तिथे नर्सिंगचे दोन रस्ते होते. तीन वर्षांचा 'रजिस्टर्ड' नर्सचा आणि दोन वर्षांचा 'एन्रोल्ड' नर्सचा. बाहेरून आलेल्या अनेकांना फरक नीट न समजावताच दुसऱ्या रस्त्याला लावले जाई. चाचाही त्यातच गेले. काम तेच, पगार कमी, बढती जवळजवळ नाही. हे प्रमाणपत्र बाहेरच्या अनेक देशांत चालतही नसे. दादा वारले तेव्हा त्यांना कायमचे परत यायचे होते. मुंबईत चौकशी केली, तर त्या कागदावर रजिस्टर्ड नर्सची जागा मिळेना. ते मुकाट्याने परत गेले.

दादी अंथरुणाला खिळल्या त्या वर्षी चाचा सहा आठवड्यांची रजा काढून आले. आम्ही भावंडे तेव्हा शाळेत होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी कॅलेंडरचे पान उलटे करून भिंतीवर लावले आणि दर दोन तासांच्या रकान्यात 'डावी', 'उजवी', 'पाठ' असे लिहिले. त्याप्रमाणे दादींची कूस बदलायची. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटऱ्यांखाली उशी ठेवायची. रुग्णाला न उठवता चादर कशी बदलायची, हे त्यांनी आम्हालाच पलंगावर झोपवून अम्मीला आणि फुफीला शिकवले. दादींच्या अंघोळीच्या वेळी ते पडद्याबाहेर उभे राहून एकेक गोष्ट सांगत. रात्री दोनची पाळी मात्र ते कोणालाच देत नसत. शेजारची बाई म्हणाली, "बापई असून बायकांची कामं करतोय." दादींनीच तिला सुनावले, "तुझा मुलगा करतो का गं?" त्या त्यानंतर दीड वर्ष जगल्या आणि त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही.

पुढे एन्रोल्ड नर्सना रजिस्टर्ड होण्यासाठी जोड अभ्यासक्रम निघाले. चाचांनी सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वह्या घेतल्या. निम्म्या वयाच्या मुलींबरोबर बसून परीक्षा दिली आणि पास झाले. त्या दिवशी अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले आणि प्रत्येक दारात मोठ्याने सांगितले, "माझा भाऊ नर्स आहे."

निवृत्तीनंतर तिथल्या मशिदीत मय्यतीला गुस्ल देण्याचे काम चाचांनी अंगावर घेतले. तरुण मुले घाबरत, त्यांना ते जवळ उभे करून शिकवत. 2016 साली चाचांचा इंतकाल झाला. आमच्यापैकी कोणालाच व्हिसा वेळेत मिळाला नाही. गुस्ल त्या मुलांनीच दिला.